गुप्तधन, पुरलेले हंडे आणि खजिन्याच्या पेट्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाण्यांचा नाद आहे हे चार लोकांना कळलं की फोन सुरू होतात. काही सरळ असतात, "हे नाणं कितीला जाईल?" बाकीचे आवाज खाली आणून केलेले. खालचे प्रश्न त्या दुसऱ्या प्रकारचे आहेत, जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते सर्वसाधारण आहे. प्रकरण वादाचं असेल तर वकील गाठा, मला नको.

1. गुप्तधन नेमकं कशाला म्हणायचं? सोनंच असायला हवं का?

नाही. या विषयावरचा मूळ कायदा 1878 चा आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. सरकारी भाषेत निखात निधी. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत लपवलेली, काही किंमत असलेली कोणतीही चीज त्यात येते. म्हणजे तांब्याची ढब्बू नाणी, पितळी मूर्ती, भिंतीतल्या बळदात ठेवलेली चांदी, सगळं. किंमत 10 रुपयांच्या वर गेली की सरकारला कळवायचं. 1878 मध्ये ती बऱ्यापैकी रक्कम होती. आकडा अजून तोच आहे, त्यामुळे आज एका वडापावाच्या किमतीचा ऐवजही कायद्याच्या कक्षेत येतो.

2. पण लोक पैसे पुरून का ठेवायचे? आणि परत काढायचे का नाहीत?

बँक नव्हती, म्हणून. गावावर पेंढारी आले, फौज आली, की घरातली रोकड हंड्यात घालून चुलीखाली, गोठ्यात नाहीतर पेवाच्या तळाशी जायची. पुणं 1763 मध्ये निजामाच्या फौजेने जाळलं. 1802 मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या माणसांनी शहरातल्या सावकारांकडून पैसा वसूल केला. अशा वेळी शहाणा माणूस रात्री कुदळ घ्यायचा.

बहुतेकांनी संकट टळल्यावर आपलं धन परत काढलंच. आपल्याला सापडतात ते उरलेले हंडे, ज्यांचा मालक लढाईत, पटकीत किंवा प्लेगात गेला आणि जागा कोणाला सांगायची राहून गेली. पूर्वज उदार होते आणि पुढच्या पिढ्यांसाठी ठेवून गेले, ही समजूत गोड आहे, पण खरी नाही.

3. महाराष्ट्रात खरंच काही सापडलंय, की सगळ्या पारावरच्या गप्पा?

भरपूर सापडलंय. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी अशा माणसाला, जो दुसरंच काहीतरी करत होता.

नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी घ्या. 1906 मध्ये तिथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र मिळाली. छोटी, जेमतेम दोन ग्रॅमची. नाणी क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. हातात धरून तिरप्या उजेडात पाहिलं तर नहपानाच्या गालावरच तीन कमानींचा डोंगर उमटलेला दिसतो, आणि मागच्या अक्षरांवर उज्जैन चिन्हाचे चार गोळे. सातवाहनांनी क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पाडाव केला हे नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखातही आहे. पण पराभूत राजाच्या तोंडावर विजेत्याचा शिक्का बसलेला बघणं वेगळंच. आता समजा, सापडल्या दिवशी तो ढीग सोनाराच्या मुशीत गेला असता. पाच-पंचवीस किलो चांदी झाली असती, बस्स.

दुसरं उदाहरण अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादचं. 1974 मध्ये एक भिल्ल शेतकरी झाडाची मुळं खणत होता आणि खाली चार भरीव कांस्यवस्तू लागल्या : बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर. बरेच अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा (हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या) काळातल्या मानतात. काहींनी मात्र धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. हा वाद मिटत नाही, कारण वस्तू शास्त्रीय उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात सापडल्या नाहीत. यात त्या शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. पण थर गेला की काय जातं, ते यावरून कळावं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर गेल्या शतकाच्या चाळिशीत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती मिळाली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी अर्धा तास काढून बघावी. अलीकडचं प्रकरण पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचं, त्याबद्दल प्रश्न 11 मध्ये.

4. शिवाजी महाराजांना तोरण्यावर खजिना सापडला आणि त्यातून राजगड बांधला, हे खरं का?

ही हकिगत जुनी आहे. ग्रँट डफने 1826 मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ती येते : तोरण्यावर पडझड उकरताना सोनं मिळालं आणि भवानीचा कृपाप्रसाद म्हणून ते राजगडाच्या बांधकामाला लागलं. त्या काळातल्या गडांवर पुरलेलं द्रव्य मिळणं अशक्य अजिबात नाही. पण किती हंडे, किती होन, हे जे आकडे गाइड लोक छातीठोक सांगतात, त्यांना आधार विचारून बघा.

माझं मत विचाराल तर हंड्यांच्या गोष्टीमुळे महाराजांचं खरं कर्तृत्व झाकलं जातं. राजगड, प्रतापगड, पुढे रायगड, सिंधुदुर्ग, शिवाय आरमार. एवढा खर्च एका हंड्यात भागत नाही. त्यामागे महसुलाची घडी आहे, बंदरांची जकात आहे आणि 1664 व 1670 च्या सुरतेच्या मोहिमा आहेत.

5. नानासाहेब पेशव्यांचा खजिना कुठे गेला? आमच्या भागात पुरलाय म्हणतात.

प्रत्येकाच्याच भागात पुरलाय. नोंदी जे सांगतात ते एवढंच : 1857 च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने बिठूरच्या वाड्यातली विहीर उपसली आणि तळातून सोन्याचांदीची भांडी व रोकड काढली. विहिरीत पाण्याचा जोर इतका होता की उपसा दिवसरात्र चालू ठेवावा लागला. बाकी काही नानासाहेबांबरोबर नेपाळच्या वाटेला लागलं असेल. तिथून ते तुमच्या शेतात कसं आलं, हे सांगणाऱ्यालाच विचारा.

6. धनावर नाग बसलेला असतो का? आणि पायाळू माणसाला धन दिसतं का?

नागाचं एक साधं कारण असू शकतं. पडक्या वाड्यात, दगडांच्या ढिगात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतो. धन पुरायचं तेही अशाच ठिकाणी.

पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेलं मूल. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं धन दिसतं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. त्याच्यावर वीज पडते ही दुसरी. दोन्हींत तथ्य नाही. पण पहिली नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही, कारण अशी मुलं शोधत फिरणारे लोक असतात. घरात पायाळू मूल असेल तर चारचौघांत त्याचा गवगवा करू नका, आणि "पोराला तासभर आमच्याबरोबर पाठवा" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

7. एक महाराज म्हणतात, तुमच्या घराखाली सात हंडे आहेत, पूजा करावी लागेल. काय करू?

पोलीस ठाण्यात जा. खरंच.

साधारण क्रम असा असतो. आधी फुकट निदान. मग घरात रात्री खड्डा आणि त्यात त्याने आधीच ठेवलेला एखादा पितळी तुकडा "सापडतो". मग "वरचा रखवालदार" शांत करायला पैसे, आणि रक्कम दर अमावास्येला वाढत जाते. पैसे संपेपर्यंत हंडा रोज हातभर खाली सरकतो.

इथेच थांबलं तर नशीब. याच धनापायी माणसं मारली गेली आहेत. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रिया आणि लहान मुलींचे खून झाले. पिंपळावरचा मुंजा आणि त्याखालचं धन यांच्यापायी दिलेले ते बळी होते असा खटला चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं आणि नरबळीचा सल्ला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. अशी कृत्यं करवून घेणाराही त्यात अडकतो. हे आपल्या चुलत्याला किंवा साडूला समजावून सांगा, कारण महाराजाला घरी आणणारा बहुतेक वेळा नात्यातलाच असतो.

8. खोदकामात सोनं सापडलंय, अर्ध्या भावात देतो, असं एक मजूर म्हणतोय. नमुना सोनाराला दाखवला, अस्सल निघाला.

नमुना अस्सलच असतो, फसवणूक त्यापुढे आहे. मळके कपडे, सोबत बाई आणि कडेवर पोर. "साहेब, आम्हाला यातलं कळत नाही" म्हणत तो माळेतला एक मणी तुमच्यासमोर तोडून देतो. तो मणी सोन्याचा. तुम्ही तपासता, विश्वास बसतो, पैसे जमवता. मग एखाद्या स्टँडवर किंवा हायवेच्या धाब्यामागे घाईघाईत व्यवहार होतो, "पोलीस आले" अशी आरोळी येते आणि हातात किलोभर पितळी मणी उरतात. तोडताना मणी हातचलाखीने बदललेला असतो.

तक्रार करायला लोक लाजतात, कारण चोरीछुपे गुप्तधन घ्यायला निघालो होतो हे सांगावं लागतं. तरी करा. मांडूळ साप विकत घेतल्यावर धन सापडतं, ही याच दुकानातली दुसरी वस्तू. मांडूळ बिनविषारी, गरीब प्राणी आहे, दोन तोंडांचा नाही आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो बाळगलात तर धनाऐवजी वनखातं दारात येईल.

9. पण 2013 मध्ये सरकारनेच एका साधूच्या स्वप्नावरून खोदलं होतं ना?

हो, उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या दौंडिया खेडा इथे. किल्ल्याखाली 1000 टन सोनं असल्याचं स्वप्न एका साधूला पडलं आणि ऑक्टोबर 2013 मध्ये पुरातत्त्व खात्याने तिथे खोदकाम सुरू केलं. चॅनेलवाले आले, चहाच्या टपऱ्या लागल्या. महिनाभराने काम आटोपलं. मिळालं ते असं : खापरं, बांगड्यांचे तुकडे, चुली, लोखंडी खिळे. वस्तीचा इतिहास समजायला ही सामग्री चांगलीच आहे, पण कॅमेरे तोवर निघून गेले होते.

10. समजा खरंच हंडा लागला. लगेच काय करायचं?

खोदणं थांबवा. हंडा ओढून काढू नका, ओतू नका. नाणी ज्या क्रमाने भरली आहेत त्यावरूनसुद्धा तो कधी पुरला ते कळू शकतं. जागेवरच फोटो घ्या, शेजारी एखादी पट्टी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. चारपाच माणसं असतील तर सगळ्यांसमोर मोजा आणि कागदावर सह्या घ्या. यामुळे पुढची निम्मी भांडणं वाचतात.

धुऊ नका. हे ठळक लिहायला हवं. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. हिरवट थराखाली अक्षरं असतात आणि घासलं की थरासकट तीही जातात. घासून चकचकीत केलेलं सातवाहन नाणं दाखवायला लोक मोठ्या हौसेने येतात, आणि समोर फक्त धातूची गुळगुळीत चकती असते.

मग तहसीलदार किंवा पोलिसांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा : काय, अंदाजे किती, कुठे, कोणत्या तारखेला. ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

11. गुपचूप ठेवलं तर कोणाला कळणार?

कळतं. नाणी विकायला कुठेतरी जावं लागतं आणि बाजार छोटा आहे. शिवाय वाटणीत कोणीतरी नाराज होतोच. चिखलीच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या कुटुंबाला मातीत सोन्याची नाणी मिळाली होती. ती घरात ठेवलेली होती. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस तिथे पोचले, 216 नाणी जप्त झाली, सव्वादोन किलोंहून जास्त सोनं.

1878 च्या कायद्यानुसार न कळवणाऱ्याचा हिस्सा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जागामालकाने लपवायला मदत केली तर त्याचाही हिस्सा जातो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

12. कळवलं की सरकार सगळं घेऊन टाकतं आणि आपल्या हाती शून्य, असंच ना?

कायदा तसं म्हणत नाही. जिल्हाधिकारी आधी जाहीर सूचना काढतात. कोणाचा दावा असेल तर त्याने हजर राहायची तारीख सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान असते. दावा टिकला नाही तर धन बेवारस ठरतं. जागेवर दुसऱ्या कोणी मालकी सांगितली नाही तर ते सापडवणाऱ्याला मिळतं. जागामालक वेगळा असेल आणि दोघांत आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा. हे ऐकून जमीनदार मंडळींचा चेहरा पडतो, पण कायदा तसाच आहे.

सरकारला वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल तर ती घेता येते. त्यासाठी धातूची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. इथे कायदा मला कंजूष वाटतो. दुर्मिळ नाण्याची बाजारातली किंमत त्यातल्या धातूच्या कितीतरी पट असते, आणि सरकार मोजणार धातू. प्रकरणं रेंगाळतात, हेही खरं. लोक लपवतात त्यामागे ही दोन कारणं आहेत. तरीही प्रश्न 11 पेक्षा हा रस्ता स्वस्त पडतो.

13. जुना वाडा पाडताना भिंतीत डबा निघाला. पणजीचे दागिने आहेत, सगळ्यांना माहीत होतं. हेही सरकारला?

भिंतीतला ऐवजही या कायद्यात येतो (प्रश्न 1), म्हणून कळवायचं. पण दागिने तुमच्या घराण्याचे असतील तर ते बेवारस नाहीत. लपवल्याला 100 वर्षं झालेली नसतील तर दावेदाराला दिवाणी कोर्टात जाऊन हक्क सिद्ध करायची संधी मिळते. म्हणून पणजीचे फोटो, वाटणीपत्र, जुन्या याद्या शोधून ठेवा. पुतळ्यांची माळ गळ्यात असलेला एक लग्नातला फोटो दहा तोंडी साक्षींना भारी पडू शकतो. 100 वर्षांच्या वरचं असेल तर अवघड आहे. आणि हो, डबा उघडताना सगळ्या भावंडांना बोलवा. सरकारपेक्षा तीच आधी कोर्टात जातात.

14. मग केरळच्या पद्मनाभस्वामी मंदिरातला खजिना सरकारजमा का झाला नाही?

कारण ते या अर्थाने गुप्तधन नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तळघरं उघडून मोजदाद सुरू झाली, तेव्हा जगाला आकडे कळले. पण धन देवाचं आहे आणि कोठारं मंदिराची आहेत हे आधीपासून माहीत होतं. मालक ठाऊक असलेलं, नुसतं कुलपात असलेलं धन बेवारस होत नाही. ब क्रमांकाचं कोठार त्या मोजदादीत उघडलं गेलं नाही. त्याच्या दारावरच्या नागांचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यासाठी प्रश्न 6 चं उत्तर पुरे.

15. मेटल डिटेक्टर घेऊन गडावर गेलो तर चालेल का?

नाही. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. स्मारकाला इजा केली तर केंद्राच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गड संरक्षित यादीत नसला तरी जमीन कोणाची तरी असतेच, वनखात्याची नाहीतर खासगी. पावसाळ्यानंतर गडाच्या वाटेवर नाणं वर आलेलं दिसलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तोफगोळा दिसला तरी हेच. दिवाणखान्यात ठेवायला उचलू नका.

16. चाच्यांच्या पेट्या, बेटं, नकाशावरची फुली, यात कितपत तथ्य आहे?

फारच थोडं. चाचे लूट पुरत नसत, बंदरात वाटून उडवत. पुरल्याची पक्की नोंद असलेलं ठळक नाव कॅप्टन किडचं. त्याने 1699 मध्ये अमेरिकेतल्या गार्डिनर्स बेटावर ऐवज पुरला, तो लवकरच उकरला गेला आणि त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लंडनला गेला. किड 1701 मध्ये फासावर चढला. नकाशा आणि फुली ही पुढे 1883 च्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने लोकप्रिय केली.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक धागा सापडेल. किडची मोठी लूट होती 'केदाह मर्चंट' या जहाजाची, आणि ते जहाज बंगालहून सुरतेकडे माल नेताना 1698 मध्ये मलबार किनाऱ्याजवळ पकडलं होतं. त्याआधी 1695 मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. कान्होजी आंग्र्यांना मात्र या रांगेत बसवू नका. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पण ते मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) होते आणि दस्तक (परवाना) न घेणारी जहाजं पकडणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

17. मुलगा गेममध्ये पेट्या उघडायला पैसे खर्च करतो. हाही खजिनाच का?

जुन्या गेममधली पेटी वेगळी होती. कोडं सोडवा, राक्षस मारा, पेटी उघडा. कधी पेटीच राक्षस निघायची. हा 'मिमिक' 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून आलेला आहे. आताची 'लूट बॉक्स' ही पैसे भरून उघडायची बंद पेटी असते, आत काय आहे ते आधी कळत नाही. बेल्जियमने 2018 मध्ये अशा काही पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. माझाही कौल तोच. मुलाच्या फोनमधून कार्डाची माहिती काढून टाका आणि शोधायची हौसच असेल तर त्याला जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवरून लपवलेली वस्तू शोधायचा खेळ, दाखवा. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसची अचूकता सामान्यांसाठी खुली केली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या ओरेगॉन राज्यात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, तेव्हापासून हा खेळ चालू आहे. यात चालावं लागतं, हा मोठा फायदा.

18. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे लोक डिटेक्टर घेऊन सर्रास शेतात फिरतात. मीही फिरू का?

जमीनमालकाची परवानगी घेऊन, हो. तिथला 1996 चा कायदा वेगळ्या धाटणीचा आहे : खजिन्यात मोडणारी वस्तू 14 दिवसांच्या आत कळवायची, संग्रहालयाने घेतली तर बाजारभावाने मोबदला मिळतो आणि तो सहसा शोधणारा व मालक यांच्यात निम्मा निम्मा होतो. 2009 मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायरच्या ठेव्यासाठी असे 32 लाख 85 हजार पौंड दिले गेले. प्रश्न 12 मधल्या "अधिक पाचवा हिस्सा"शी तुलना करून बघा, म्हणजे तिथले लोक आपण होऊन का कळवतात ते समजेल. संरक्षित स्मारकावर तिथेही डिटेक्टर चालत नाही. आणि तिथलं नाणं सुट्टीत गावी दाखवायला आणायचा विचार असेल, तर आधी निर्यातीचा परवाना लागतो का ते विचारून घ्या.